ओवाळणीच्या ताटातला गेम

हातात मावणाऱ्या त्या गेमच्या मशीनवर ऑनलाइन, चौघांत मिळून खेळता येतं का, असं आमच्या खताच्या दुकानात येणाऱ्या बाया हल्ली मला विचारतात. कुणाच्या पोरानं हट्ट धरलेला असतो, कुणाचा दीर पुण्याहून आणणार असतो. अख्ख्या तलवाड्यात असलं मशीन घेऊन बसलेली बाई त्यांनी एकच पाहिलेली, ती मी. मी सांगते, येतं, चांगलं येतं. पण आधी सांगा, खेळायचं कुणाबरोबर आहे? बाया हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

थट्टा करायला माझ्याकडं आता फारसं काही उरलेलं नाही. त्या मशीनपायी माझं माहेर तुटलं असं माहेरचे लोक सांगतात. मला विचाराल तर मशीननं काही तोडलं नाही. आधीपासून तुटलेलं होतं ते त्यानं दाखवलं, एवढंच.

माझं माहेर सिरसाळ्याच्या बाजूला. आम्ही तीन भावंडं, मी सगळ्यांत मोठी. मधला भाऊ गावात राहतो, रान बघतो, आणि पंचायत समितीच्या तिकिटाकडं डोळे लावून बसलेला असतो. त्याला आम्ही थोरला म्हणतो, कारण आमच्यात थोरला म्हणजे थोरला मुलगा. मुलगी त्या मोजणीत धरत नाहीत. धाकटा पुण्यात कंपनीत आहे. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर आईचं आणि आम्हा तिघांचं नाव लागलं. नावं लागली आणि लगेच घरात एक शब्द फिरायला लागला, हक्कसोड.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बहिणीनं रजिस्ट्री ऑफिसात जायचं, वडिलांच्या रानातला माझा हिस्सा मी भावांना राजीखुशीनं सोडला असं लिहून द्यायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा, फोटो काढून घ्यायचा आणि बाहेर येऊन भावानं पाजलेला चहा प्यायचा. याला आमच्याकडं कुणी अन्याय म्हणत नाही, माहेर राखणं म्हणतात. जी अंगठा देत नाही तिच्या पोरांच्या लग्नात मामा येत नाही, अंतरपाटाजवळ दुसऱ्याच कुणाला तरी उभं करावं लागतं, आणि मग सगळी भावकी जेवताना त्याच्यावरच बोलते.

मला रानाची हाव नव्हती असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. हाव होती. विहिरीकडच्या तुकड्यात लग्न होईस्तोवर मी कापूस वेचला, पाट्या भरभरून दगड बांधावर नेऊन टाकले. थोरला तेव्हा मामाकडं शिकायला होता आणि धाकटा आईच्या कडेवर. तो तुकडा निम्मा माझ्या हातानं रान झालाय. पण आईचा उंबराही मला हवा होता. म्हणून मी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. दर सणाला विषय निघायचा आणि मी 'बघू' म्हणून भांडी घासायला जायचे.

मग ती भाऊबीज आली. पाटावर दोघं शेजारी शेजारी बसले. मी टिळा लावला, ओवाळलं. थोरल्यानं ताटात साडी ठेवली, दरवर्षीसारखीच, वहिनीनं निवडलेली. धाकट्यानं एक डबा ठेवला. उघडला तर आत काळी पाटी, मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दोन गुंड्या.

"ह्याचं मी काय करू?" मी म्हणाले. "ह्याच्यावर पापड लाटू का?"

"आक्का, गेम हाय," धाकटा म्हणाला. "ऑनलाइन खेळायचा. मी पुण्यातून, दादा इथून, तू तलवाड्यातून. दादाला बी एक आणलाय. तिघांचं मिळून एक रान करायचं त्यात. आपुन बोलतच न्हाई आता. त्या निमित्तानं बोलनं तरी व्हईल."

त्याचं ते बोलणं मला लागलं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी निरांजनाची वात सारखी करायला लागले. तेवढ्यात थोरला कपाळावरचे तांदूळ झाडत म्हणाला, "दिवाळी झाली की रजिस्ट्रीचं बी उरकून घिऊ आक्का. गाडी पाठवून देतो. तुला बशीनं कशाला यायचं?"

निरांजन तसंच हातात राहिलं. ओवाळणीचं ताट हे देण्याचं असतं असं मी लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी ते देवाणघेवाणीचं आहे हे मला पहिल्यांदा कळलं. मी म्हणाले, "बघू."

घरी आल्यावर नवऱ्यानं तो डबा उलटासुलटा करून पाहिला. तो कमी बोलतो, पण बोलला की चिमटा काढतो. "भावांनी खुळखुळा दिला वाटतं," तो म्हणाला, "रडू नये म्हणून." मला त्याचा राग आला. भावांचाही आला होता, पण भाऊ समोर नव्हते.

पहिल्या रविवारी फोनच्या हॉटस्पॉटवर लावून बघितलं. धाकटा व्हिडिओ कॉलवर एकेक बटण सांगत होता आणि मी त्याला शिव्या देत होते. काचेवर एक बुटकी बाई आली, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची झारी. ती म्हणे मी. ती चालायला लागली, थांबली, परत मागं गेली, मग झारी वर करून तशीच पुतळ्यासारखी उभी राहिली. थोड्या वेळानं काचेवर आलं, संपर्क तुटला. फोनला रेंज होती, पण आमच्याकडची रेंज ही पाहुण्यासारखी आहे, आली तर आली.

"आक्का, मशीनमधी दम हाय," धाकटा म्हणाला. "नेट बराबर पायजे. दुकानातल्या लाइनवर बस."

दुकानात लाइन होती ती खताच्या मशीनसाठी. हल्ली युरियाचं पोतं घ्यायचं तर शेतकऱ्याला मशीनवर अंगठा ठेवावा लागतो, मगच पावती निघते, म्हणून नवऱ्यानं वायरचं इंटरनेट घेतलं होतं. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी. नवरा जेवून आडवा व्हायचा आणि मी दुकान सांभाळायच्या नावाखाली पोत्यांच्या थप्पीवर, राऊटरच्या अगदी खाली जाऊन बसायचे. तिथं गेम लोण्यासारखा चालला. एवढं मात्र खरं, ह्या मशीनचा कान फोनपेक्षा कच्चा आहे, लांबून नेट पकडत नाही. मागच्या गोदामात गेलं की तुटलंच. धावपळीचे, गोळीबाराचे खेळ त्याच्यावर खेळायचे तर डोळ्याची पापणी लवेस्तोवर तुम्ही मेलेले असता. एकदा धाकट्यानं हौसेनं तसला लावून दिला, मी कुणी मारलं हे कळायच्या आतच आडवी पडले. शेतीचा खेळ संथ, त्याला हे पुरतं. अक्षरं मुंगीएवढी, म्हणून चष्मा लागतो. बोलायला मशीनवर धड सोय नाही, म्हणून आम्ही तिघं फोनवर कॉन्फरन्स लावायचो आणि कानात वायर घालून खेळायचो. बायांनी विचारलं की हे सगळं मी सांगते.

त्या खेळाचे दोनतीन कायदे होते, ते इथं सांगायला हवेत. रान होतं ते धाकट्याच्या मशीनमधलं, तो आला तरच ते उघडायचं. माल विकला की पैसा तिघांच्या एकाच थैलीत पडायचा. आणि खेळातला दिवस तेव्हाच मावळायचा, जेव्हा तिघंही आपापल्या खोलीत जाऊन खाटेवर पडतील. एक जरी बाहेर उभा राहिला तर दुसरा दिवस उगवायचा नाही, बाकीच्यांनी खाटेवर वाट बघत बसायचं. हा कायदा मला फार आवडला. आमच्या घरात असा कायदा कधी नव्हता. तिथं मी झोपले की नाही हे न बघताच दिवे मालवायचे.

रान आधी सगळं दगडाधोंड्यांचं, काट्याकुट्याचं होतं. ते मी साफ केलं. ही फुशारकी नाही, तसंच झालं. थोरला खेळातसुद्धा थोरलाच. तो नदीकाठी गळ टाकून उभा राहायचा आणि तिथून हुकूम सोडायचा, "आक्का, तेवढे दगड काढून घे की. तुझा हात बसलाय त्याच्यावर." धाकटा काय पेरायचं ते ठरवायचा, कशाला भाव आहे ते शोधून यायचा. मी फोडायचे, खणायचे, पाणी घालायचे. अंगठे दुखायचे. रात्री नवऱ्याला म्हणायचे, जरा तेल चोळ, तर तो म्हणायचा, "माहेरच्या रानात राबलीस ना, मग तेल बी माहेरूनच मागव."

तरी मला सुख होतं. रविवार कधी येतो असं व्हायचं. वडील गेल्यापासून आम्ही तिघं एवढं बोललोच नव्हतो. सिरसाळ्याच्या बाजारात बैलांना काय भाव आला, कुणाच्या पोरीनं पळून जाऊन लग्न केलं, पुण्यात धाकट्याचा साहेब किती नालायक आहे, असं सगळं त्या कॉन्फरन्सवर निघायचं. थोरल्याच्या मागून आईचा आवाज यायचा, "कोन हाय रं? आक्का हाय का? जेवली का म्हनावं." भोपळे आले तेव्हा तिघंही एकदम ओरडलो आणि दुकानात आलेला एक म्हातारा दचकून पायरीवरून मागं सरकला. सही करून टाकावी असं मला त्या दिवसांत खरोखर वाटायला लागलं होतं. एवढी माया परत मिळत असेल तर विहिरीचा तुकडा काय करायचाय, असं मी मनाशी बोलायचे. थोरल्यानं संक्रांतीच्या आसपास विचारलं तेव्हा मी 'बघू' म्हणाले नाही. 'येते' म्हणाले. तारीख तुमची तुम्ही काढा, असंही म्हणाले.

मग दोघं भाऊ भांडले. कशावरून ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. थोरल्यानं सामाईक थैलीतून घोडा घेतला म्हणे, कुणाला न विचारता. धाकट्यानं द्राक्षाच्या मांडवासाठी ते पैसे राखून ठेवले होते. मग धाकट्यानं त्याची तळ्याकाठची झाडं तोडली. एका रविवारी दोघं कॉन्फरन्सवर एकमेकांना असं बोलायला लागले की मला कानातली वायर काढून ठेवावी लागली.

"तू बे कोन हिशेब इचारनारा?" थोरला म्हणत होता. "पुन्यात बसून हितं सांगतूस?"

"हितंबी तूच खातूस, तितंबी तूच," धाकटा म्हणाला.

हे भांडण घोड्याचं नव्हतं हे मला कळत होतं. तूर कुणी विकली, ठिबकचं अनुदान कुणाच्या खात्यात गेलं, हे जे दोन वर्षं घरात कुणी उघड बोललं नव्हतं ते घोड्यावर बसून बाहेर आलं होतं. मी दोघांनाही दटावलं. मोठी बहीण आहे, तेवढा हक्क होता. दोघं गप्प झाले आणि मला वाटलं मिटलं.

पुढच्या रविवारी मी पोत्यांवर बसले, चष्मा लावला, मशीन चालू केलं, रान उघडलं. आणि बघते तर रानाच्या मधोमध कुंपण. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकडी, सरळ रेषेत. मी साफ केलेल्या जमिनीतून, मी पाणी घातलेल्या सरीतून. कुंपणाच्या अलीकडं थोरल्याचं घर, पलीकडं धाकट्याचं. माझी खोली मध्यावर होती. ती तिथं नव्हती. शोधत शोधत गेले तर पार कडेला, नदीच्या उताराला, ज्या धोंड्यांना मी अजून हात लावला नव्हता त्यांच्यात ती नेऊन ठेवली होती.

त्या खेळात वाटणी हा प्रकारच नाही. ज्यांनी तो बनवला त्या लोकांच्या स्वप्नातही आलं नसेल की कुणी त्यात बांध घालील. रान हवं तेवढं मोठं होतं, थैली एक होती, एकत्र करायचा म्हणूनच तो खेळ होता. पण आमच्या माणसांना सामाईक रान दिसलं की हात शिवशिवतात. गेम खेळायला बसले आणि मोजणी करून उठले.

"हे काय आहे?" मी विचारलं. दोघंही लाइनवर होते आणि दोघांचाही सूर चांगला होता. वाटणी झाली की आमच्याकडं भाऊ काही दिवस गोड बोलतात.

"मिटवून टाकलं आक्का," थोरला म्हणाला. "रोजची कटकट नको. निम्मं त्याचं, निम्मं माजं."

"आणि माझं?"

खरं सांगते, यात लबाडी नव्हती. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"तुला कावून वेगळं पायजे?" थोरला म्हणाला. "तू कुनाच्याबी वाट्यात काम कर की. तुला कोन नको म्हनतंय?"

धाकटा हसला. वाईट हसला नाही, लाडानं हसला. "आक्का, तुझी खोली आडवी येत होती म्हणून जरा सरकवली. तितं नदी हाय, झाक वाटंल तुला."

मला तिथं, त्या युरियाच्या पोत्यांवर, जी आग लागली ती मी लिहून सांगू शकत नाही. रजिस्ट्री ऑफिसात माझ्या पुढं कागद ठेवला असता तर मी कदाचित रडत रडत का होईना अंगठा दिला असता. कागद आपल्या ओळखीचा असतो, आईनं दिला, मावशीनं दिला, आपणही देतो. पण इथं कुणाचा दबाव नव्हता, कुठली भावकी बघत नव्हती, कायदा नव्हता, रीत नव्हती. इथं नवं कोरं रान होतं आणि ते नव्यानं वाटताना त्यांना तिसरं माणूस आठवलंच नाही. आणि ते रान तर अख्खं मीच काढलं होतं.

माझ्या त्या बुटक्या बाईला चालवत चालवत कुंपणापाशी नेलं आणि तिथं उभी केली. मशीन मांडीवर ठेवून दिलं.

त्यांनी आपापली कामं केली. एकानं पाणी घातलं, दुसऱ्यानं गाईचं दूध काढलं. दोघं खाटेवर जाऊन पडले. दिवस काही मावळेना.

"आक्का, झोप की," धाकटा म्हणाला.

"कुठं झोपू?"

"तुझ्या खोलीत."

"ती माझी नाही. तुम्ही नेऊन टाकलीय ती."

"आगं, गेम हाय," थोरला म्हणाला. "लेकरावानी करायलीस. झोप, आमाला माल विकायचाय उद्याचा."

"मग उद्या आणा ना," मी म्हणाले. "माझ्याशिवाय आणा."

ते दोघं खाटेवर पडून राहिले आणि मी कुंपणाजवळ उभी राहिले. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, मी उठून त्याला खत दिलं, त्याचा अंगठा घेतला, पावती दिली, परत येऊन बसले. काचेवर तशीच दुपार होती. शेवटी थोरल्याचा सूर बदलला. त्यानं मला सांगितलं की रजिस्ट्रीचा वार ठरलाय, गाडी सकाळी येईल, तेव्हा समोरासमोर बोलू.

"गाडी पाठवू नको," मी म्हणाले. "मी अंगठा देणार नाही."

कॉन्फरन्स तुटली. ती नेटनं तुटली नव्हती.

गाडी तरी आलीच, आणि तिच्यात थोरला स्वतः होता. पांढरे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा. नवऱ्याला रामराम घालून तो दुकानातल्या खुर्चीवर बसला आणि चहा नको म्हणाला. बहिणीच्या घरी भाऊ चहा नको म्हणतो तेव्हा पुढं काय आहे ते कळून जातं.

"येका गेमपायी म्हायेर तोडतीस?" तो म्हणाला. "लोकं श्यान घालतील तोंडात."

"गेम तुम्हीच आणून दिला. ताटात ठेवून दिला," मी म्हणाले. "आणि त्यात तुम्हाला कुणी शिकवलं नाही. तुमचं तुम्हीच केलं."

"ते काय खरं रान हाय का?"

"खरं असतं तर मला विचारलं असतंस?"

त्यानं नवऱ्याकडं पाहिलं. पुरुषानं पुरुषाकडं पाहून बाईला समजव म्हणायची एक तऱ्हा असते, तसं. नवरा माझ्या बाजूनं काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं आणि तो बोललाही नाही. त्यानं फक्त खताचं मशीन पुसायला घेतलं आणि पुसतच राहिला. माझ्यावर एवढे उपकार त्यानं लग्नानंतर क्वचितच केले असतील.

"हिस्सा घेऊन जा मंग," थोरला उठला. "पन आईच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. तुज्या पोरीच्या लग्नात मामा शोध कुठं मिळतो का."

आईचा फोन संध्याकाळी आला. ती भांडली नाही. "मी बी दिलता अंगठा," ती म्हणाली. "माज्या भावांनी नेलतं गाडीत बसवून. काय बिघडलं माजं?" मला आठवलं, मामाच्या घरी गेलो की आई बाजेच्या कडेवर बसायची. मधे कधीच नाही. पाणीसुद्धा मागून घ्यायची. मी लहान असताना मला वाटायचं तिला तशीच बसायची सवय आहे. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिच्या वयाला ते आता कशाला? मी एवढंच म्हणाले, आई, तू जेवलीस का? तिनं फोन ठेवून दिला.

त्यानंतरच्या रविवारी मी परत पोत्यांवर जाऊन बसले. का बसले विचारू नका. मला त्या दोघांशी भांडायचं होतं, आणि भांडायला का होईना, तीच एक जागा होती. मशीन चालू झालं, पण ऑनलाइन जाईना. मला वाटलं लाइन गेली. नवऱ्यानं राऊटर बंद करून चालू केला. खताचं मशीन चालत होतं, फोन चालत होता. मशीनमधे काही बिघडलं असेल म्हणून ते बंद केलं, पुसलं, परत लावलं. मग चष्मा सारखा करून मी ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. ऑनलाइन खेळायला वर्षाची वर्गणी लागते, ती धाकट्यानं एकाच्या नावानं भरून सगळ्या घरासाठी घेतली होती, फॅमिलीची. त्यात त्यानं माझं नाव घातलं होतं. काचेवर लिहून आलं होतं की मी आता त्या फॅमिलीत नाही.

नवऱ्यानंही वाचलं. या वेळी त्यानं चिमटा काढला नाही. शटर अर्धं ओढून घेतलं, कारण मी रडत होते आणि समोरच्या हॉटेलात माणसं बसली होती.

पावसाळा गेला. मधे राखी पौर्णिमेला मी दोन राख्या टपालानं पाठवल्या, पोहोचल्याचं कुणी कळवलं नाही. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मशीनवर आपोआप निरोप आला, तुम्हाला फॅमिलीत घेण्यात आलं आहे. मागोमाग धाकट्याचा फोन.

"आक्का, झालं गेलं सोड," तो म्हणाला. आवाज तोच, ओवाळताना होता तसा. "जुनं रान पुसून टाकलं मी. नवीन काढू. कुंपण न्हाई, काय न्हाई. तुझी खोली मधोमध ठिवतो, सगळ्यात मोठी. भाऊबीजेला ये. आई लई वाट बघायली. आन आलीस की जाता जाता तेवढं रजिस्ट्रीचं..."

"खऱ्या रानात किती वाटे करणार?" मी विचारलं.

मागं कुठंतरी पुण्याची गाडी हॉर्न वाजवत होती.

"आक्का, तसं कुटं आस्तं का?"

"मग खोली राहू दे," मी म्हणाले.

मी फोन ठेवून मशीन हातात घेतलं तोवर माझं नाव परत गेलं होतं. धाकटा एका बोटानं मला घरात घेतो आणि एका बोटानं काढतो. मशीनमधे दम आहे असं तो म्हणाला होता ते खरंच होतं, त्यानं सगळं झेललं, तुटलं कुठंच नाही.

पायरीवर एक शेतकरी कधीचा उभा होता. युरिया पाहिजे होता. मी खताचं मशीन त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं घाईनं आपल्या भावाचा आधार नंबर सांगितला आणि स्वतःचा अंगठा ठेवला. मशीन घेईना. परत ठेवला, घेईना.

"भावाचाच हाय ओ," तो म्हणाला. "चालवून घ्या की."

"चालत नाही," मी म्हणाले. "ज्याचा अंगठा त्यालाच आणावं लागतं."

तो भावाला बोलवायला गेला. मी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं. त्या रानातले दगड फोडून पडलेला घट्टा अजून गेला नव्हता. भाऊबीजेला मी ताट केलं नाही.